ओल्या गोणपाटाखालची कांडी

धप्प... धप्प... धप्प. फार वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज. नागपुरात, नाईक तलावाजवळच्या एका टिनाच्या पडवीत बाबनराव कोष्टी खड्डा खणून त्याचा तळ धुमसाने ठोकत होते. मी तेव्हा नुसतंच सागवानी लाकूड होतो, भिंतीला टेकून ऐकत होतो. खड्डा झाला, त्यावर मला बसवलं, आणि मी माग झालो.

आमच्यासारख्याला खड्ड्याचा माग म्हणतात. विणणारा काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो, पायाने पट्ट्या दाबतो आणि हाताने आडवा धागा नेणारा धोटा फेकतो. एवढंच माझं आयुष्य. मला फार बोलता येत नाही, हळूहळू सांगतो.

बाबनरावांनंतर त्यांचा मुलगा ताराचंद माझ्यावर बसू लागला. शेजारी त्याची बायको चंद्रकला चरख्यावर धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची. एका पावसाळ्यात ती तापाने गेली. मुलगी सुभद्रा लग्न होऊन कुहीकडच्या खेड्यात गेली. घरात राहिलो आम्ही दोघं. एक बोलत नसे, दुसऱ्याला बोलता येत नसे.

सुभद्रा सणाला आली की म्हणायची, "बाबा, इथं एकटे काहून राहून राहिले? चला ना माह्यासंगं."

"माग सोडून कसा येऊ वं?" ताराचंद म्हणायचा.

हे ऐकून मला बरं वाटायचं. कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, असं वाटायचं.

एकदा सकाळी गल्लीत ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरून त्याला भाताची खळ लावणं चाललं होतं. कुत्रीचं एक एवढंसं पिल्लू आलं आणि धाग्यांवरची खळ चाटू लागलं. लोक हाकलायला धावले. ताराचंद मात्र हसला. चंद्रकला गेल्यापासून मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. पिल्लू कांड्यांच्या टोपलीत मावलं, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं कांडी. ती पुढेही फार वाढली नाही. तो विणायला बसला की ती माझ्या खड्ड्यात, त्याच्या पायांशी निजायची. आता घरात बोलणं ऐकू येऊ लागलं. "कांडे, सरक तिकडं. पाय कुठं ठेवू मी?" माझ्याशी तो असं कधी बोलला नव्हता.

मग एकोणीसशे त्र्याहत्तरचा मे महिना आला. नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, तापला होता. कोरड्या हवेत सूत कडक होतं आणि टपाटप तुटतं. म्हणून आमच्याकडे विणकर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतात, खड्ड्यात पाणी शिंपडतात, दारावर ओलं गोणपाट टांगतात. ताराचंद बसलेला असे तेव्हा मागचं दार थोडं उघडं राही. कांडीला उकडलं की ती अंगणातल्या रांजणाखालच्या चिखलात जाऊन लोळायची.

त्या दुपारी तयार लुगडं महाल भागातल्या दुकानी पोचवायचं होतं. रस्त्याचं डांबर पातळ झालं होतं. कांडी मागे आली तर तिचे पाय भाजतील, म्हणून त्याने तिला माझ्या खांबाला बांधलं. खड्ड्यात आणखी पाणी शिंपडलं. तिच्या अंगावर ओलं गोणपाट पांघरलं. खिडकी लावली, दोन्ही दारं लावली.

"सुताले जपतो तसं तुले जपलं, बाई. निजून राह्य."

त्याला वाटलं, सुताला जे मानवतं ते कांडीलाही मानवेल. कोष्ट्यालाच असं वाटू शकतं.

वर टिन तापत गेलं, खालून ओल वर येत गेली. पडवीत हवा हलेना. माझं सूत मऊ झालं, लाकूड सुखावलं. इतकी छान हवा मला कधी मिळाली नव्हती. आणि त्याच हवेत कांडीला श्वास घेता येईना. ती धापा टाकू लागली. गोणपाट अंगाला चिकटून गरम झालं होतं. तिने दोरीला हिसके दिले. खांब माझाच होता, पण मला तो सोडता येईना. मग हिसके थांबले. धापाही मंदावल्या. हाक मारायला तोंड नाही, दार उघडायला हात नाही. त्या दुपारइतका एकटा मी कधीच नव्हतो.

कडी वाजली. शेजारची मैनाबाई भरलेल्या कांड्या द्यायला आली होती. दार लोटलं आणि तोंडावर वाफ आली तशी ती ओरडली, "अगं माय!"

तिने दोन्ही दारं आणि खिडकी सताड उघडली. गोणपाट भिरकावलं, दोरी सोडली, कांडीला अंगणात निंबाच्या सावलीत नेलं. रांजणातलं पाणी तिच्या पोटावर, पायांवर ओतत राहिली, पदराने वारा घालत राहिली. किती तरी वेळाने कांडीने जीभ बाहेर काढली. मैनाबाईने ओंजळ पुढे केली. "थोडं थोडं पी वं, सांडू नको."

तेवढ्यात ताराचंद परतला.

"काय गा ताराचंद, कुत्री हाय का सुताची लड?"

"ओलं तर ठेवलं होतं, मैनाबाई."

"ओलं ठेवलं अन् वारा कोंडला! सूत धापा टाकते का?"

"खिडकी उघडली तर धागे तुटतात ना..."

"तुटू दे! धाग्याले गाठ मारता येते."

ताराचंद खाली बसला आणि कांडीचे ओले पाय हातात घेऊन रडला.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी उघडी. गरम वाऱ्याची लू आत यायची, धागे तुटायचे, तो एकेक गाठ मारायचा. विणकर चढवलेला ताणा अर्धा टाकत नाही. तो ताणा संपायला फार दिवस लागले. कांडी दारातल्या वाऱ्यात निजून असायची. ती खड्ड्यात पुन्हा उतरली नाही.

ताणा संपला तेव्हा सुभद्रा आली. तिच्या गावी कौलारू घर होतं, मोहाच्या झाडाची गार सावली होती. ताराचंदने नवा ताणा चढवला नाही; कांडीला घेऊन लेकीकडे जायचं ठरवलं.

आता पडवी बंद असते. समोरच्या गल्लीत वीजमाग धडधडत असतात. माझ्या खड्ड्यात धूळ आहे. मला राग नाही. त्याने बरोबर निवडलं. तुमच्या घरी असा लहान जीव असेल, तर बाहेर जाताना सावली आणि पाणी ठेवाच. पण वाराही खेळता ठेवा, आणि कुणाला तरी डोकवायला सांगून जा.

ते गेले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं, उन्हं चढायच्या आत निघायचं म्हणून. सुभद्रा पिशवी घेऊन पुढे झाली. ताराचंदने कांडीला काखेत घेतलं आणि तो माझ्यापाशी आला. धागे ठोकणाऱ्या माझ्या फणीवर हात ठेवला. मला वाटलं, आता हा माझ्याशी दोन शब्द बोलेल. कांडीने त्याच्या काखेतून मान काढून माझं लाकूड हुंगलं. त्याने तिला सावरलं, वळला, आणि काही न बोलता निघून गेला.