अक्षर दिसलं, पाणी पास!

"दिसलं! दिसलं! अगदी ठळक दिसलं!"

आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या पहिल्या टाकीच्या कट्ट्यावर बारा इंजिनिअर एका काचेच्या नळकांड्यावर वाकून ओरडत होते. आमच्या उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातल्या बारा गावांचे पाणीपुरवठ्याचे साहेब, त्यांच्या संघटनेतर्फे आमचं केंद्र बघायला आलेले. दाखवायचं काम माझं, कारण इथली प्रयोगशाळा वीस वर्षं मी सांभाळते. पण माझ्याकडे बघतंय कोण? त्यांनी बसमधून इश्मत हकीम सोबत आणला होता.

हकीमाने टाकीतलं गढूळ पाणी घेतलं, पुरचुंडीतलं 'पवित्र मीठ' टाकलं, काठीने ढवळलं आणि पाव तास डोळे मिटून पुटपुटत फुंकरी मारल्या. गाळ तळाशी बसला. वरचं नितळ पाणी त्याने दुसऱ्या नळकांड्यात ओतलं आणि त्याखाली छापील कागद सरकवला.

आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. पाण्यातून वाकून अक्षरं वाचायची. वाचता आली की पाणी गढूळ नाही. तेवढंच त्या परीक्षेतून कळतं. पण हे लोक आयुष्यभर तेवढ्यावरच सह्या ठोकत आले होते. हकीमाने नेमकी तीच नस पकडली.

"सात पिढ्यांची फुंकर आहे, बाळांनो! घाणीला लाज वाटते, ती खाली तोंड लपवून बसते."

"आणि लाज वाटायला पाव तास लागतो होय?" मी विचारलं.

"मुनोजात ओपा, थट्टा नको," संघटनेचे प्रमुख हायदर-अका (आमच्याकडे अका म्हणजे दादा, ओपा म्हणजे ताई) कळवळून म्हणाले. "माझी नात नसीबा चार दिवस जुलाबांनी पडलीय. परवा तिची सलाइन काढून घरी आणलं. हकीमांचं पाणी चालू केलंय."

मी त्यांच्याकडे वळले. "कुठलं पाणी?"

"कालव्याचंच. पण नितळ! मी स्वतः अक्षरं वाचली."

मी हकीमाच्या पुरचुंडीतला कण जिभेवर ठेवला आणि थुंकले. कोठारातून तुरटी आणून कुटली, त्याच टाकीच्या पाण्यात टाकून ढवळली.

"आता माझा मंत्र ऐका. गाजरं उभी चिरा, मांस तांबूस परता, तांदूळ वर पसरा..."

पाव तास पुलावाची कृती घोळवून म्हणेस्तोवर गाळ खाली बसला.

"तुरटी आहे ही, साहेबहो! तुम्ही पोत्यांनी टाकता. तुम्ही टाकली की रसायन, आणि यानं टाकली की चमत्कार? गाळ बसतो. जंतू सगळे बसत नाहीत, आणि ते अक्षरांच्या आड येत नाहीत!"

आमच्याकडे पाहुण्याला चहाचा पियाला अर्धाच भरून देतात. काठोकाठ भरला, तर त्याने उठायची वेळ झाली असं समजायचं. मी हकीमाचंच नितळ पाणी पियाल्यात काठोकाठ भरून त्याच्यापुढे धरलं.

"प्या, हकीमसाहेब."

"आज... आज माझा रोजा आहे."

"कसला रोजा! सकाळी बसमध्ये मांसाचे तीन समसे चेपलेत यानं!" मागून एक इंजिनिअर ओरडला.

हकीम झगा सावरत फाटकाकडे निघाला. कुणी अडवलं नाही. हायदर-अकांनी तोवर घरी फोन लावला होता.

"पाजू नकोस तिला! ... पाजलं? कधी? ... किती?"

संध्याकाळी नसीबाला पुन्हा इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. सहा वर्षांची होती.

मी भेटायला गेले. हायदर-अकांनी स्वतः मला चहा दिला, रीतीप्रमाणे अर्धा पियाला. मग खाली बघत म्हणाले, "ओपा, अक्षरं खरंच दिसत होती हो."

"दिसत होती," मी म्हटलं. समजूत घालावी असं वाटलं नाही. राग आला होता, अजून आहे. हकीमाला विज्ञान कुणी शिकवलं नव्हतं. या इंजिनिअरांना सरकारने पाच वर्षं शिकवलं होतं.

म्हणून सांगते. डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर विसंबू नका. चमत्कार दाखवणाऱ्याला आधी म्हणा, "तू पी." आणि तो काहीही म्हणाला तरी लेकराची सलाइन काढू नका.