थंडीच्या देशातला टोमॅटो

बादलीतल्या बर्फाला बांगड्याचा वास येतोय, हे शेजारच्या सुगंधाने दारातच ओळखलं.

"ह्या काय हाडलात?"

"बर्फ."

"तो दिसता माका. खयसून हाडलात, ता विचारतंय."

"मालनीकडसून. फेकूनच देयत होती ती."

"आणि तुमी उचलून हाडलात! घरात पाऊल टाकू नका, सांगून ठेवतंय."

"घरात कोण हाडता? टोमॅटोक घालूक हाडलंय."

मी माझ्या खिडकीत मेथी निवडत बसले होते, ती तशीच राहिली. माझं माहेर वाईचं. टोमॅटोला शेणखत घालतात, राख घालतात हे मला ठाऊक होतं. मासळीचा बर्फ घालणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते.

आमची बिल्डिंग नाहूरची. तीन मजली, लिफ्ट नाही, आणि पाण्याचा टँकर आला की सगळ्यांची तोंडं एकदम सुटतात. मागच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीचा एक पट्टा आहे. बिल्डिंग झाली तेव्हापासून तिथे डेब्रिज पडलं होतं. माझे शेजारी भाऊ सावंत, म्हणजे सुगंधाचे यजमान, नोकरीतून रिटायर झाले आणि लगेच फावडं घेऊन मागे गेले. विटांचे तुकडे वेचले, माती चाळली, कुठून कुठून शेणखत आणलं. तेव्हापासून तिथे अळू, मिरच्या, कढीपत्ता असं काही ना काही असतंच. मुंबईत जन्म गेला, पण नखात माती नसली की हा माणूस आजारी दिसतो.

यंदा त्यांची मुलगी मानसी कॅनडाहून आली, ती तिकडच्या टोमॅटोचं बी घेऊन. "बाबा, हे थंडीतसुद्धा तग धरतं," एवढं सांगून ती परत गेली. झालं! त्या दिवसापासून भाऊंच्या डोक्यात एकच. जसं मालवणी माणसाला मासे हवेत, तशी या टोमॅटोला थंडी हवी. आणि नाहूरमध्ये थंडी कुठली आणायची? डिसेंबरात आमच्याकडे लोक हौसेने स्वेटर घालतात आणि दुपारी पंख्याखाली काढून ठेवतात.

त्यातच आमच्या सेक्रेटरीने, म्हणजे देवदत्त परबने, मीटिंगमध्ये बॉम्ब टाकला.

"मागच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक टाकायचे. टू-व्हीलर पार्किंग. बिल्डिंगची वाट लागलीय पार्किंगच्या नावाने."

"आणि माझो टोमॅटो?" भाऊ उठून उभे राहिले.

"भाऊ, टोमॅटो बाजारात मिळतो. पार्किंग नाही मिळत."

"कॅनडाचो आसा तो!"

"मग त्याला व्हिसा काढून परत पाठवा ना!"

सगळे हसले. भाऊ तेवढे हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून देवदत्तलाही जरा कसंतरी झालं असावं. मूळचा वेंगुर्ल्याचा मुलगा, बँकेतला साहेब झाला तरी आतून काही दगड नाही. तो म्हणाला, "ठीक आहे. सव्वीस जानेवारीला आपली सत्यनारायणाची पूजा. तोपर्यंत एक तरी लाल टोमॅटो दाखवा, पट्टा तुमचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी फरशीवाला येणार."

म्हणून हा बर्फ. मालन माहुलची, आमच्या नाक्यावर मासळी घेऊन बसते. दुपारी टोपलं रिकामं झालं की उरलेला बर्फ भाऊंच्या बादलीत. भाऊ तो रोपांच्या बुंध्याशी मांडायचे, वर ओलं गोणपाट झाकायचे आणि रोपाशी बोलायचे, "थंड वाटता मा रे? घरच्यासारखा?"

रोपं काय सांगणार? पण ती अशी तरारली की बघत राहावं. मासळीचं पाणी झाडाला मानवतं, तशी ती अंगाने भरली, काठ्यांवर चढली, पिवळ्या फुलांनी लगडली. इकडे नाहूरमधली यच्चयावत मांजरं आमच्या मागच्या अंगणात मुक्कामाला आली. एक बोका तर गोणपाटावरच बसून असायचा. सुगंधा झाडू घेऊन धावायची आणि मांजरांपेक्षा नवऱ्यालाच जास्त बोलायची, तेही माझ्या खिडकीकडे बघून.

"गो कुंदा, बघ गो! ह्या माणसान माझ्या सात पिढ्यांचो वास एका बिल्डिंगीत हाडल्यान!"

पहिल्या मजल्यावरून देवदत्त ओरडायचा, "भाऊ, खिडकी उघडता येत नाही यार!"

"उघडू नको. थंडी जाता बाहेर!"

टोमॅटो धरले. चांगले मुठीएवढे झाले. पण हिरवेगार. जानेवारी सरत आला तरी रंग बदलायचं नाव नाही. भाऊ बर्फ वाढवत गेले. एका बादलीच्या दोन झाल्या. रोज सकाळी चष्मा लावून एकेक टोमॅटो फिरवून बघायचे, कुठे लाली दिसते का. कधी कधी मलाही हाक मारायचे.

"कुंदाताई, ह्या बाजून जरा तांबूस वाटता का?"

"वाटतंय खरं," मी म्हणायचे. वाटत काहीच नव्हतं. पण त्यांचं तोंड बघून नाही म्हणवत नसे.

पूजेच्या आदल्या दिवशी मानसीचा व्हिडिओ कॉल आला. भाऊंनी फोन झाडांसमोर धरला आणि बर्फासकट सगळं दाखवलं. ती पोरगी आधी पोट धरधरून हसली.

"बाबा, बर्फ कशाला? थंडी पडली तरी मरत नाहीत एवढंच म्हटलं मी! पिकायला त्यांनाही ऊब लागते. थंडीने टोमॅटो हिरवेच राहतात. आमच्याकडे तर मी तोडून घरात आणून पिकवते!"

फोन बंद झाला. भाऊ बादली पालथी घालून तिच्यावर बसले. इतके दिवस आपणच आपला टोमॅटो अडवून धरला, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सुगंधाने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने आत जाऊन चहा आणला, त्यांच्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं.

पूजेच्या दिवशी अंगणात मांडव पडला. झेंडावंदन झालं, कथा झाली, आरती झाली. फरशीवाल्याचा टेम्पो सकाळीच येऊन उद्याच्या कामाचे ब्लॉक गेटजवळ उतरवून गेला होता. टोमॅटो हिरवेच.

शेवटी गाऱ्हाणं. आमच्या बिल्डिंगीत निम्मी वस्ती कोकणातली, त्यामुळे गाऱ्हाण्याशिवाय पूजा संपत नाही. वडीलधाऱ्या माणसाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मान भाऊंचा. देवदत्त माईक धरून शेजारी उभा. गाऱ्हाण्याला त्याचाच आवाज सगळ्यात खणखणीत, आणि त्याचा त्याला अभिमान.

"बा देवा सत्यनारायणा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी सगळी लेकरा एकत्र जमान तुझी सेवा करतत, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला माकला आसात, ता पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांका परीक्षेत यश दी, अडलेली लग्ना जुळव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्यांना लय सापडली होती. भाऊंनी एक श्वास घेतला.

"आणि बिल्डिंगीच्या मागे जी काय चार हात माती रवली हा, ती तुझीच माती. ती अशीच उघडी ठेव, आणि तिच्यावर फरशी घालूक जो कोण येतलो, तेका गेटावरसूनच परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माईकमधून देवदत्तचा आवाज थेट नाक्यापर्यंत गेला. मग त्याच्या हातातला माईक खाली आला. मांडवात खसखस पिकली.

"भाऊ, हे... हे गाऱ्हाण्यात कुठून आलं?"

"पोटातसून इला."

"पण आपलं ठरलं होतं! लाल टोमॅटो कुठेय?"

सुगंधा प्रसादाचं ताट घेऊन पुढे झाली. "देवासमोर व्हय म्हटलंस मा रे? मग आता ह्याच माईकात नाय म्हणान दाखव."

देवदत्तने देवाच्या तसबिरीकडे बघितलं. भाऊंकडे बघितलं. वेंगुर्ल्याचा माणूस, गाऱ्हाण्याला दिलेला होकार मोडायची त्याची छाती कुठली! कपाळावरचा घाम पुसत त्याने फरशीवाल्याला फोन लावला.

बर्फ बंद झाला, ऊन लागलं, मांजरं पांगली आणि टोमॅटो एकामागून एक लाल होत गेले. पहिला टोमॅटो भाऊंनी स्वतः तोडला, धोतराला पुसला आणि देवदत्तच्या दारात नेऊन दिला. मीही मागून गेले, मला राहवत होतं कुठे!

देवदत्तने तो नाकाशी धरून बराच वेळ हुंगला. मासळीचा वास सापडेना. मग तिथेच दारात उभ्या उभ्या मीठ लावून सगळा संपवला आणि बोटं चाटली.

"झकास आहे," तो नाइलाजाने म्हणाला. "पण भाऊ, एक सांगून ठेवतो. पुढच्या वर्षीपासून गाऱ्हाणं आधी कमिटीत मंजूर करून घ्यायचं."

भाऊंनी दोन्ही हात जोडले.

"व्हय म्हाराजा!"