डाळिंबांवरचं ऊन

वाळवंटातल्या नेफ्ता गावच्या वाडीतली डाळिंबं दोन वर्षं फळली नव्हती, आणि लझहरबाबांनी खापर फोडलं ते सगळ्यात उंच, जुन्या खजुरीवर. शुक्रवारच्या नमाजानंतर तिचा शेंडा छाटायचा, गोड रस काढून घ्यायचा, की संपली ती. आजोबांच्या हातची खजुरी! ऐकून त्यांची लेक जलीला तडक गावी आली.

जलीला ट्युनिसला संगणकावर झाडं उभी करायची, पानन् पान. तिनं सारी वाडी मोजून घेतली आणि बाबांना पडद्यासमोर बसवलं.

"ही तुमची वाडी. आता सूर्य सोडते."

"मोठी आली सूर्य सोडणारी!" बाबा म्हणाले. पण चहाचा पेला हातातच राहिला.

लाखो किरण निघाले. खजुरीच्या पात्यांवर आपटले, काही उसळले, काही पानातून आरपार, हिरवे होऊन अंजिरावर उतरले. तिथून उरलंसुरलं डाळिंबावर, आणि अगदी शेवटचा कण खालच्या पुदिन्यावर. रोजचंच ऊन हो, पण एका पानानं दुसऱ्याला असं हातोहात पोचवलेलं! जन्म यातच गेला होता जलीलाचा, तरी आपल्या वाडीत ते बघताना तिच्या अंगावर काटा आला. बाबांचे डोळे भरले. "सुबहानल्लाह! मी नुसतं पाणीच बघत राहिलो गं आयुष्यभर."

"आता खजुरी काढते."

काढली, तसा पडद्यावर डाळिंबांवर भरदुपारी करपवणाऱ्या उन्हाचा लाल भडका उडाला. सकाळी त्यांच्यावर पडणारा अंधार मात्र जसाच्या तसा.

"म्हणजे हिचा दोष नाहीच?"

"नाही. उलट दुपारी तीच सांभाळते. सकाळचं तिरपं ऊन हे अडवतंय." खजुरीच्या बुंध्याला चिकटलेल्या, वाढून दाट झुडूप झालेल्या पिलांवर तिनं बोट ठेवलं. "ही वेळेवर सोडवून दुसरीकडे का नाही लावलीत? सगळे लावतात."

बाबांनी नजर चोरली. "तुझी आहेत ती. आपल्यात लेकीच्या लग्नात देतात. तुझ्या आत्यालाही दिली होती. म्हटलं, आज ठरेल, उद्या ठरेल..."

जलीला चाळिशीला आली होती. तिला हसूही आलं आणि रडूही.

"कमाल आहे बाबा! जावयाची वाट बघत डाळिंबं उपाशी मारलीत!"

"मारली खरी." बाबा उठले, कोपऱ्यातली पहार घेतली. "चल. पाटापलीकडचा तुकडा रिकामा आहे. तिथं लावू, तुझ्या नावानं."

"लग्नाशिवाय?"

"लेक तर आहेसच ना," बाबा म्हणाले आणि पहिल्या पिलाच्या मुळाशी त्यांनी पहार घातली.