खोटेपणाचे दहापैकी दहा

वर्गात तिला सगळे ताई म्हणत. वयानं ती कुणाहून मोठी नव्हती, पण मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात ज्याचं म्हणून बिनसलं, तो तिच्याच खोलीचं दार ठोठावायचा. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची. स्वतः मात्र ती तीन आठवडे धड झोपली नव्हती. वाचलेलं डोक्यात शिरेना. सोमवारी शिक्षण सोडायचा अर्ज द्यायचा, हे तिनं कुणालाही न सांगता ठरवून टाकलं होतं. जिला स्वतःचं मन सांभाळता येत नाही, ती लोकांचं काय डोंबल सांभाळणार!

शुक्रवारी प्रात्यक्षिक होतं. जोडीदाराची चाचणी घ्यायची, गुण मोजायचे, अहवाल लिहायचा. तिचा जोडीदार लंबू, एरवी वर्गात पेंगणारा प्राणी. कुठल्या उत्तरांनी माणूस ठणठणीत ठरतो हे ताईला तोंडपाठ. साठ प्रश्नांवर तिनं पाच मिनिटांत खुणा केल्या.

लंबूनं गुण मोजले, डोकं खाजवलं, पुन्हा मोजले.

"ताई, तू एकदम धडधाकट. पण खोटेपणाचे दहापैकी दहा."

'मला कधीच राग येत नाही' अशा थाटाचे दहा प्रश्न चाचणीत मुद्दाम पेरलेले असतात. सगळ्यांना 'हो' म्हणणारा थापा मारतोय असं धरायचं. घाईत ताई तिथंच फसली होती. वर्गात पहिली येणारी पोरगी, आणि तिची चोरी पकडली कुणी, तर लंबूनं!

"तुझंच मोजायला चुकलं असेल," ती फणकारली.

"तेवढंच तर येतं मला." त्यानं कोरी प्रश्नावली काढली. "आता मी वाचतो. मला सकाळी उठावंसं वाटतं. हो की नाही?"

'हो' अगदी ओठांवर होतं. ते काही केल्या बाहेर पडेना.

"नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

लंबूनं पेन्सिल खाली ठेवली. "समुपदेशक बाई चारपर्यंत असतात. मी जायचो मागच्या वर्षी. चल, दारापर्यंत येतो."

"मागच्या वर्षी? मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या दारात आधीच रांग होती."

रडता रडता तिला हसू आलं.

बाईंसमोर बसताच ताईनं सुरुवात केली, "मला बहुधा मध्यम तीव्रतेचं नैराश्य..."

"नाव मी शोधेन, बाळा. तुला काय होतंय ते सांग."



"मला शिकणं सोडायचं नाहीये," ती म्हणाली. तीन आठवड्यांत हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं, तेही स्वतःच्याच तोंडून.