तुळशी, उमर वर्षे नऊ

"कुणबीच लिवलंय न्हवं? मग वाचा की मोठ्यानं!"

विजयसिंहाचं जाड बोट राजमतीबाईंच्या पुढ्यातल्या कागदावर टेकलं. शाळेतली कारकुनी संपल्यापासून सहा वर्षं त्या शाहूपुरीतल्या घरी लोकांचे मोडी कागद वाचून देत होत्या. अलीकडं जातीच्या दाखल्यासाठी जुन्या दप्तरांत 'कुणबी' शोधायला येणाऱ्यांची रीघच लागली होती. हा मुरगूडचा गडी मात्र म्हाताऱ्या आईला, धोंडुबाईंना, घेऊन वर आला होता आणि खाली जीपपाशी चौघांना उभं करून आला होता.

शब्द स्वच्छ होता. कुणबी नव्हे, कुणबीण.

"ही जात न्हवं, विजयसिंहराव," बाई कशाबशा म्हणाल्या. "जुन्या कागदात कुणबीण म्हंजे इकत घेतलेली बटीक. गुलाम. हे खरेदीखत हाय. तुळशी, उमर वर्षे नऊ. घेणार तुमचे खापरपणजे."

"त्वांड सांभाळून बोला! असलं पुण्याकडं चालायचं, पेशवाईत. आमच्या कोल्हापुरात न्हाय."

हेच राजमतीबाई जन्मभर ऐकत आल्या होत्या. शाळेच्या कार्यक्रमात कुणी म्हटलं की त्यांनीही मान डोलावली होती, टाळ्या वाजवल्या होत्या.

कागदाची पाठ त्यांनी मघाशीच वाचली होती. विकणाऱ्याचं नाव तिथं होतं. ते गिळून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्या खोलीत मोडी येणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी कागद उलटला.

"इकणार, आदगोंडा मगदूम, मौजे हातकणंगले," त्यांनी वाचलं. "माझ्या सासरचं घराणं ते. आमचंच."

विजयसिंह मोकळा हसला. "मग पाप तुमचं की! हातकणंगल्यानं इकली, आमच्या मुरगूडनं सांभाळली."

"सांभाळली?" कोपऱ्यातून धोंडुबाई बोलल्या. "इकत आणली की रं."

"आई, तू गप."

तो खुर्ची ओढून बाईंच्या अगदी जवळ बसला. आवाज खाली आला. "कुणबी, एवढंच लिवा आन सही द्या. तुमच्या घराण्याचं नाव बी त्यात येत न्हाय. हितं एकट्याच ऱ्हाता न्हवं तुम्ही?"

खालून कुणीतरी शीळ घातली. बाईंनी पेन उचललं. कागदात होतं तसं, अक्षर न अक्षर, त्यांनी देवनागरीत उतरवलं. कुणबीण लिहिलं, तुळशी लिहिलं, मुरगूड लिहिलं, मगदूमही लिहिलं. खाली सही केली. ती ओळखू येत नव्हती, इतकी वाकडी झाली.

विजयसिंहानं वाचलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. जुना कागद उचलून तो तरातरा दाराकडं गेला. "बघतो तुमच्याकडं," एवढं म्हणून जिना उतरला. बाईंनी लिहिलेला कागद टेबलावरच राहिला.

धोंडुबाई उठल्या नाहीत. "ह्यात नाव कुठं हाय तिचं? मला वाचाय येत न्हाय."

बाईंनी बोट ठेवलं.

"फुडं काय झालं तिचं?"

"कागदात न्हाय, मावशी."

"आमच्या घरात बी न्हाय," म्हातारी म्हणाली. "समद्या सासवांची नावं पाठ हाईत मला. हिचं कुणी काढलंच न्हाय." तिनं कागदाची घडी केली आणि कनवटीला खोचली. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, लांबलचक. धोंडुबाईंनी घाई केली नाही. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरू लागल्या. राजमतीबाईंना दार लावून आतून कडी घालावीशी वाटत होती. पण जिन्यात अंधार होता आणि उजेड होता तो त्यांच्या उघड्या दाराचाच. म्हातारी शेवटच्या पायरीला पोचेपर्यंत त्या दार धरून उभ्या राहिल्या.