उजवीकडची भिंत

सुभेदार पेक पुन्हा मेले. गोदामाच्या दारातून ते आत शिरले, उजवीकडून कोणीतरी धावत आलं, आणि मान वळवायच्या आत पडदा लाल झाला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि गार झालेल्या कॉफीचा घोट घेतला.

"काका, तो उजवीकडून येत होता," उजव्या हाताच्या खुर्चीवरून हान्सोल म्हणाला.

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डावीकडच्या खुर्चीवर एक जवान नूडल्स ओढत बसला होता. मागच्या रांगेतही सगळे जवानच. ह्वाचॉन हे छावणीचं गाव, इथे रविवारी असंच असतं. आठवडाभर खऱ्या बंदुका पुसून कंटाळलेली पोरं एका दिवसाची सुट्टी मिळाली, की गेमच्या दुकानात येऊन पडद्यावरच्या बंदुका चालवतात. यात कोणालाही काही विचित्र वाटत नाही.

खेळही रोखठोक. गोष्ट नाही, नायक नाही, देखावे नाहीत. एक गोदाम, दोन तुकड्या, हातात बंदूक. मेलं की फेरी संपेपर्यंत जिवंत जोडीदाराच्या नजरेतून बघत बसायचं. पदं मात्र अस्सल सैन्यातली, आणि तिथेच गंमत होती. उभा जन्म तोफखान्यात काढलेले सुभेदार या खेळात अजून साधे शिपाई होते आणि प्रशिक्षणापुरता जेमतेम महिनाभर गणवेश घातलेला हान्सोल कर्नल.

"सुभेदारसाहेब, कर्नलना सलाम ठोका की," नूडल्सवाला जवान म्हणाला.

"तू आधी हनुवटीवरचा रस्सा पूस," सुभेदार म्हणाले.

हान्सोल कसनुसं हसला. दुपारच्या जेवणापासून त्याचं हसू असंच येत होतं. दारात पाऊल टाकताच सुभेदारांनी विचारलं होतं, "कुठल्या पलटणीत होतास?" सक्तीची दोन वर्षांची सेवा सैन्याऐवजी नगरपालिकेच्या वाचनालयात केली, असं त्यानं सांगितलं. त्यावर ते फक्त "हं" म्हणाले. जेवताना बैठ्या मेजावरच्याच तव्यावर कोंबडी चरचरत होती आणि डोक्यावरचा धूर ओढणारा पंखा घरघरत होता. युरीम वडिलांच्या उजव्या हाताला बसली होती. खाली मान घालून तिनं विचारलं, "बाबा, आम्हाला शरदात लग्न करायचंय. तुमची परवानगी आहे ना?" सुभेदार जेवत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी तोंड पुसलं आणि हान्सोलला म्हणाले, "खेळायला येतोस?"

इतर सासरे भावी जावयाला दारू पाजून पारखतात. सुभेदारांची दारू डॉक्टरांनी बंद केली होती.

निघताना युरीम दारात हळूच म्हणाली, "बघितलंस ना? बाबा कधी कोणाचं ऐकतच नाहीत. त्यांनी हो म्हटलं नाही, तर मी काय करू?" आई गेल्यापासून तिला वडिलांशिवाय कोणी नव्हतं. त्यांच्या मनाविरुद्ध तिनं लग्न केलं नसतं आणि हान्सोलनंही तिला तसं करू दिलं नसतं.

नवी फेरी सुरू झाली आणि या वेळी आधी हान्सोल मेला. आता त्याच्या पडद्यावर सुभेदारांची नजर आली. ते कोपऱ्यात दबा धरून होते. उजवीकडच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. सुभेदार झटकन डावीकडे वळले आणि पाठीत गोळी खाऊन पडले. पुढच्या फेरीत पावलं समोरून आली, तरी ते डावीकडेच वळले. त्याच्या पुढच्या फेरीतही तेच.

हान्सोलचा हात माउसवर थांबला. हे वळणं त्याच्या ओळखीचं होतं. आरशात स्वतःला पाहावं तसं, फक्त बाजू उलटी.

नूडल्सवाला जवान उठून गेला. "या माउसचं बटण अडकतंय," असं पुटपुटत हान्सोल सुभेदारांच्या डावीकडच्या खुर्चीवर येऊन बसला.

"काका, मी एक सांगू?"

सुभेदारांनी लगेच मान वळवली. "बोल."

"लहानपणी गालगुंडं झाली, त्यात माझा डावा कान गेला. म्हणून वाचनालयात धाडलं मला. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. मी खूप मरायचो. मग एक युक्ती केली. गेलेल्या कानाच्या बाजूला कायम भिंत ठेवायची. तिकडून कोणी येऊच शकत नाही."

सुभेदार त्याच्याकडे बघत राहिले. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो, तसं.

"तुम्ही भिंत उजवीकडे ठेवून बघा," हान्सोल पडद्याकडे बघत म्हणाला. "सहज आपलं."

सुभेदारांनी हेडफोन चढवला. या वेळी ते गोदामाच्या मधोमध धावले नाहीत. उजवा खांदा भिंतीला घासत, एकेक पाऊल टाकत पुढे गेले. पावलं वाजली. ते डावीकडे वळले, आणि तिथे खरोखरच माणूस होता. तो पडला. मग आणखी एक पडला. फेरी संपली तेव्हा सुभेदार जिवंत होते.

मागचे जवान टाळ्या वाजवू लागले. सुभेदारांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तळहात मांडीवर पुसून ते म्हणाले, "आणखी एक."

तिन्हीसांजेच्या आत दोघं घरी निघाले. हान्सोल नेहमीच्या सवयीनं, आपला चांगला कान त्यांच्याकडे येईल असा, त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होता. पुलावर मध्येच सुभेदार म्हणाले, "माझी बायको कायम याच बाजूनं चालायची. मी तिला कधी कारण सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच हान्सोलला आपल्या गेलेल्या कानाचे आभार मानावेसे वाटले.

"तुमचं लग्नाचं ठरलंय म्हणे," थोडं पुढे गेल्यावर सुभेदार म्हणाले. "वाण्याकडून कळलं मला. युरीम येते, जेवते, भांडी घासते. पण बापाला विचारावं असं काही तिला वाटत नाही."

हान्सोलच्या अगदी ओठांवर आलं होतं, की विचारलं हो, दुपारी दोनदा विचारलं. त्यानं ते गिळलं. ते सांगायचं तर दुसरंही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं त्याचं काम नव्हतं.

घरी युरीमनं पान मांडलं होतं. ती नेहमीसारखी वडिलांच्या उजवीकडे बसायला लागली.

"तू इकडे बस ना," हान्सोल म्हणाला. "मला तव्याजवळ बसायचंय."

"पाहुण्यांचे नखरे बघा," असं म्हणत ती वडिलांच्या डावीकडे गेली. वाडग्यात भात वाढता वाढता हान्सोलनं तिला डोळ्यानं खुणावलं. ती वैतागली. पण तो पुन्हा खुणावत राहिला, तेव्हा खालीच बघत म्हणाली, "बाबा, शेवटचं विचारते. आम्हाला लग्न करायचंय. तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

सुभेदारांनी चमचा खाली ठेवला.

"शेवटचं म्हणजे? आधी कधी विचारलंस?"

"दुपारी. इथेच. दोनदा."

सुभेदारांनी हान्सोलकडे पाहिलं. तो खाली मान घालून तव्यावरचे कोबीचे तुकडे उलटत होता. पंखा घरघरत होता. सुभेदारांनी उठून तो बंद केला आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "उजवा कान गेलाय माझा. तू बालवाडीत होतीस, तेव्हाच तोफेपायी गेला. नोकरी जाईल म्हणून लपवला, मग लपवायची सवयच लागली. लग्न कर. चांगला मुलगा आहे. मी आनंदानं हो म्हणतोय."

त्यांनी तव्यावरचा कोंबडीचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून हान्सोलच्या भातावर ठेवला. हान्सोलनं दोन्ही हातांनी वाडगा पुढे धरला आणि मान लववली.

युरीम मात्र खूश होण्याऐवजी किंचित पुढे वाकून वडिलांच्या उजव्या कानाकडे बघत होती.

"म्हणजे गाडीत," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मला शाळेत सोडायचात. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी तुमच्या शेजारी, उजवीकडे बसायचे. आख्खा रस्ता बोलत असायचे. तुम्ही नुसती मान हलवायचात."

"इंजिनाच्या आवाजात काहीच कळायचं नाही. तू थांबलीस, की मी मान हलवायचो."

"इतकी वर्षं?"

"हो."

सुभेदारांनी तिच्या पेल्यात सातूचा चहा ओतला आणि आपली बसकण थोडी तिच्याकडे सरकवली.

"काय सांगायचीस गं?" त्यांनी विचारलं. "सांग आता."