वाकडी रोपं

गॅलरीत पाण्याचा मग बादलीवर आपटला आणि दुपारची शांतता मोडली. वेदिका आत्ताच झोपली होती. तिच्या मानेखालून हात सोडवून मी लॅपटॉप उघडत होते. तो तसाच टाकून उठले.

नाना, माझे सासरे, हाताची माती धूत होते. सकाळीच येवल्याहून आलेले.

"झोपली का बाहुली? तुझं रोप विरळून टाकलं बघ. लय दाट झालं होतं."

ट्रेमध्ये मोहरीच्या कुळातली इवली रोपं सरळ उभी होती. उपटलेली खाली पेपरवर, उन्हात मान टाकून.

"वाकडी तेवढी काढली. एवढं शिकवलं तुला, पण विरळणी कुणी शिकवली नाय! वाकडं रोप कधी पोसतं का?"

मी वाकडीच पोसत होते.

वनस्पतीच्या पेशीत अगदी बारीक नळ्या असतात, मागावरच्या ताण्यासारख्या ओळीत. काही प्रथिनं त्यांना जागेवर धरतात, मागाची फणी धागे धरते तशी. त्यातली दोन नसली की ओळी तिरक्या जातात आणि झाड पिळवटत वाढतं. ती दोन्ही नसलेली रोपं मी वेदिका पोटात असल्यापासून संकर करत जुळवली होती. जुनं बी बुरशीनं गेलं. उरलं ते या ट्रेमध्ये, लॅबचा एसी बिघडला म्हणून घरी आणलेलं. फेलोशिप या महिन्यात संपतेय. या रोपांनी बी धरलं असतं तरच माझे गाईड सर मुदतवाढ मागणार होते. सरळ रोपं नुसती तुलनेला. ती कुठंही मिळतात.

मी वाकडी रोपं वाटीभर पाण्यात ठेवली. मुळं तुटली होती. पानं बोटांना कागदासारखी लागली.

"काही चुकलं का गं, मंजू?"

"नाही नाना. चहा टाकते."

वेदिका डोळे चोळत आली, वाटीत डोकावली.

"आई, तुझ्या लॅबची झाडं मेली?"

"हो, पिल्लू."

"सगळी?"

"हवी होती ती सगळी."

नाना ओले हात धोतराला पुसत होते, पुसतच राहिले.

वेदिकाने थोडा विचार केला. मग तिचा चेहरा उजळला, आणि झोपेनं ऊबदार झालेले हात तिने माझ्या गुडघ्यांभोवती टाकले.

"मग आता तू रोज घरीच असणार ना?"